वाळू चाळण्यास साक्षीदार हवा

लुंबिनी सोनकांबळे नेमबाजीच्या क्लबात गेल्या याचं कारण एवढंच, की चार माणसांत असूनही बोलावं लागत नाही अशी दुसरी जागा त्यांना लातुरात सापडली नाही. वाचनालयात लोक फार बोलतात. योगवर्गात शेवटी हसावं लागतं, तेही हात वर करून, सगळ्यांबरोबर. बाजार समितीच्या मागे, जुन्या सोयाबीनच्या गोदामात भरणाऱ्या या क्लबात मात्र भिंतीवरच लाल रंगात लिहिलेलं होतं : 'फायरिंग चालू असताना बोलू नये.' बाईंनी ते वाचलं आणि त्याच दिवशी अर्ज भरला.

बाई माती परीक्षण प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ. वय सत्तेचाळीस, एकट्या, तीन वर्षांपूर्वी नांदेडहून बदलून आलेल्या. दर रविवारी सकाळी सात ते नऊ, लेन क्रमांक चार. डावीकडे तीन नंबरवर एक वकीलसाहेब, उजवीकडे पाच नंबरवर कापडाचे एक व्यापारी. तीन वर्षांत या दोघांशी झालेलं सगळं बोलणं पोस्टकार्डावर मावलं असतं. पण चाप ओढण्याआधी वकीलसाहेब श्वास कसा सोडतात आणि चुकल्यावर व्यापारी कसे खाकरतात, ते बाईंना डोळे मिटून ओळखता यायचं. दोघांपैकी एक जरी आला नाही, तरी त्या दिवशी बाईंचे गुण पाच-सहाने घसरत. याला शास्त्रीय कारण असणार असं त्या मानत. पण शोधायला त्या कधी गेल्या नाहीत.

तर अशा सुरळीत चाललेल्या गोष्टीत नियम आला, आणि तो जर्मनीहून आला.

क्लबचे सचिव महादेवप्पा बिराजदार पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. गेल्या उन्हाळ्यात ते मुलाकडे तीन महिने जर्मनीला राहून आले. बाकीची माणसं परदेशातून चॉकलेटं आणतात. महादेवप्पांनी श्रमदान आणलं. तिकडच्या नेमबाजी क्लबात म्हणे प्रत्येक सभासदाला वर्षाकाठी ठरावीक तास क्लबचं काम करावंच लागतं. "डॉक्टर बी झाडतेत, इंजिनेर बी झाडतेत," त्यांनी सर्वसाधारण सभेत सांगितलं. "म्या सोता बघितलंय. सोमवारी जो तो साहेब, रविवारी समदे झाडूवाले!" काम टाळणाऱ्याला तिथे दंड भरून सुटता येतं, हा भाग त्यांनी मुद्दाम गाळला, नाहीतर आपल्याकडे झाडून सगळ्यांनी दंडच भरला असता. ठराव झाला : प्रत्येकी बारा तास, एकतीस मार्चपर्यंत. नाहीतर लेन जाणार. प्रतीक्षा यादीत सतरा नावं होती.

पहिल्याच रविवारी श्रमदानाला असा काही प्रतिसाद मिळाला, की महादेवप्पांचे डोळे भरून आले. गोदामात तेरा माणसं राबत होती. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, की त्यांतला एकही सभासद नाही. वकीलसाहेबांनी कारकून पाठवला होता, व्यापाऱ्यांनी दुकानातली दोन माणसं, आणि एका बिल्डर सभासदाने पाडकामाची अख्खी टोळी. टोळीने कुणी काही सांगायच्या आत सवयीप्रमाणे मागची एक भिंत पाडून ठेवली. म्हणून दुरुस्ती क्रमांक एक : काम सभासदाने स्वतः केलं पाहिजे. त्यावर लोकांनी घरबसल्या 'गवत कापले, चार तास' असं लिहून पाठवायला सुरुवात केली. क्लबचं आवार शंभर टक्के फरशीचं आहे. म्हणून दुरुस्ती क्रमांक दोन : काम करताना दुसरा एक सभासद सोबत राबत असला पाहिजे आणि साक्षीदार म्हणून त्याची सही पाहिजे.

ही दुसरी दुरुस्ती व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. ग्रुप बाईंनी सामील झाल्याच्या दिवशीच मुका करून ठेवला होता.

कामांच्या यादीतून बाईंनी पहिलंच काम निवडलं : वाळू चाळणे. प्रत्येक लक्ष्याच्या मागे वाळूची पेटी असते, छर्रे तीत जाऊन रुततात. वर्षानुवर्षं कुणी ती चाळली नाही, तर छर्रा छर्र्यावर आदळून उलटा येतो, आणि नेमबाजाला आपलंच लक्ष्य व्हावं लागतं. बाईंनी बुधवार ठरवले. सकाळी सहा ते साडेसात-पावणेआठ, हातमोजे, तोंडाला मास्क, गवंड्याची चाळणी. आठ बुधवार. दहापैकी पाच पेट्या. वहीत सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, पाणी प्यायला थांबलं तर ती मिनिटं वजा. निघालेलं शिसं दहा किलो नऊशे ग्रॅम. पहारेकरी किशनराव लांब बसून देवणीला भावाकडे ठेवलेल्या आपल्या गायीचं वर्णन करायचा. गायीची शिंगं, कान, वशिंड सगळं सांगून झालं, तेव्हा बाईंचे बारा तास भरले.

मार्चच्या आठ तारखेला बाईंनी वही महादेवप्पांपुढे ठेवली.

"बारा तास दहा मिनिटं," बाई म्हणाल्या.

"वा वा! कुणासंगट केले?"

"कुणासंगट म्हणजे?"

"साक्षीदार मॅडम, साक्षीदार. दुरुस्ती क्रमांक दोन."

"मी एकटीच होते."

महादेवप्पांनी चष्मा काढला. "मंग धरता येत न्हाईत."

"पण वाळू चाळलेली आहे. तुम्ही बघा ना."

"चाळलीय, ते दिसून राहिलंय. कुणी चाळली, ते कुठं दिसतंय?"

"म्या बघितलंय की साहेब!" किशनराव दारातून ओरडला. "बाई लई खपल्या. घामानं वल्या व्हायच्या."

"तू सभासद हाईस का? मंग गप."

बाईंना राग यायला हवा होता. पण तसं झालं नाही आणि तेच जास्त लागलं. प्रयोगशाळेत त्या स्वतः हेच सांगत आल्या होत्या, की एकाच माणसाने एकदाच घेतलेलं निरीक्षण म्हणजे निरीक्षणच नव्हे. महादेवप्पांचं बरोबर होतं. आठ बुधवार त्या तिथे होत्या याला पुरावा नव्हता. घरी आल्यावर चहा करताना त्यांच्या मनात आलं, की तसं पाहिलं तर मागच्या तीन वर्षांतल्या बऱ्याच गोष्टींना नाही.

तेवीस दिवस उरले होते. बाईंनी ग्रुपची वाचा परत आणली आणि अर्धा तास खपून मजकूर लिहिला : 'रविवार दि. १५ रोजी सकाळी ९ ते १२ वाळू चाळण्यास एक सभासद साक्षीदार हवा. कौशल्य आवश्यक नाही. हातमोजे दिले जातील.' पाच मिनिटांत एकवीस अंगठे आले. दोन जोडलेले हात, आणि एकाने चुकून वाढदिवसाचा केक पाठवला. बाईंना हुरूप आला. एकवीस माणसांत हातमोजे पुरायचे नाहीत म्हणून त्यांनी आणखी दोन डझन आणले.

शेजारच्या शांतम्मा उदगीरकडच्या. जिन्यात गाठ पडली की माणसाला अडवायचं आणि सल्ला देऊनच सोडायचं, ही त्यांची रीत. हातमोज्यांचं पुडकं बघून त्यांनी सगळं काढून घेतलं.

"अय्यो, लुंबिनीताई! नुसतं बोलावल्यावर कोण येतंय? खायला ठेवा. माणूस वासावर येतो."

"काय ठेवू?"

"सुशीला करा. मुरमुरे भिजवले, फोडणी दिली, झालं. आमच्या भिशीला सुशीला असली की मयतीला गेलेल्या बायाबी परत येतेत."

बाईंनी वीस माणसांची सुशीला केली. एका माणसाला नव्वद ग्रॅम धरून मुरमुरे, शेंगदाण्याचा कूट, वर कोथिंबीर. शांतम्मांचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं. माणसं वासावर आली. तेवीस सभासद आले, साबणाने हात धुऊन या म्हटल्यावर धुऊनही आले, उभ्याउभ्याच खाल्लं, "मॅडम, चव एक नंबर" म्हणाले आणि नऊ वाजून दहा मिनिटांनी आवारात फक्त बाई, मोठं पातेलं आणि किशनराव उरले. शेवटी निघालेल्या वकीलसाहेबांना बाईंनी धीर करून विचारलं, "थांबता का थोडा वेळ?"

तीन वर्षांतलं हे त्यांचं वकीलसाहेबांना उद्देशून सर्वांत मोठं वाक्य.

"कशाला थांबायचं? आणा वही. बारा तासांची सही करून टाकतो." त्यांनी खिशातून पेन काढलंसुद्धा.

"पण तुम्ही नव्हता."

"मी कोर्टात रोज नसलेल्या लोकांच्या बाजूने उभा राहतो, मॅडम."

बाईंनी वही छातीशी धरली. नसलेल्या माणसाला होता म्हणून लिहायचं, म्हणजे न तपासलेल्या मातीचा अहवाल द्यायचा. त्या दिवसात अशा सात सह्या त्यांना देऊ करण्यात आल्या. संध्याकाळी नांदेडहून भाऊ धम्मानंदचा फोन आला, त्यानेही तेच सांगितलं. "ताई, घेऊन टाक की सही. कोण बघून राहिलंय?" कुणीच बघून राहिलं नव्हतं, हीच तर अडचण होती, पण भावाला ती फोनवर कशी सांगायची ते बाईंना सुचेना. आयुष्यभर पुरतील इतक्या सह्या मिळत होत्या, आणि तीन तास कुणाकडे नव्हते.

अशात डॉक्टर अश्वजित यांचा फोन आला. हे नांदेडचे दंतवैद्य. सासुरवाडी लातूरची, म्हणून महिन्यातून दोन रविवार क्लबात येणारे. "मॅडम, माझे पण बारा तास शून्य आहेत. आपण दोघं मिळून करू. फक्त मला दवाखाना सोडता येत नाही. मंगळवारी दुपारी एक ते चार मी मोकळा असतो. तुम्ही वाळूच इकडे आणता का?"

दुसऱ्या कुणी हा विनोद समजून फोन ठेवला असता. बाईंनी नियमावली दोनदा वाचली. काम क्लबच्या आवारातच झालं पाहिजे असं तीत कुठेही नव्हतं. मग प्रश्न फक्त वजनाचा उरला. तीन तासांची वाळू बसमध्ये नेणं अशक्य होतं. पण निदान चाळीस मिनिटांची, म्हणजे चौदा किलो, सहज जाण्यासारखी होती. एक रजा टाकून, दुहेरी पिशवीत वाळू आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली चाळणी घेऊन बाई सकाळच्या नांदेड गाडीत बसल्या.

अहमदपूरच्या पुढे कंडक्टरने पिशवीला पायाने ढोसलं. "काय हाय ह्याच्यात? लई जड."

"वाळू."

"कुठं चालली?"

"नांदेडला."

कंडक्टर पिशवीशी वाकला. "बाई, नांदेडला गोदावरी हाय. तिथली वाळू ट्रक भरभरून भायेर चालली, अन् तुमी लातूरची वाळू नांदेडला नेऊन राहिल्या?"

मागच्या सीटवरून कुणीतरी विचारलं, "रॉयल्टीची पावती हाय का? लोह्याला तहसीलवाले धरतेत बरं का!" सगळी गाडी हसली. बाईंनाही हसू येणार होतं. पण कुणाकडे बघून हसायचं ते ठरेना, म्हणून त्या खिडकीबाहेर बघत बसल्या.

दवाखान्यात शिवांगी नावाची मुलगी नावं लिहून घेत होती. तिने मान वर न करता विचारलं, "कोणती दाढ?"

"दाढ नाही. वाळू आहे."

"बसा. चौदा नंबर."

डॉक्टर पुतणीच्या साखरपुड्याला मुदखेडला गेले होते. येतील म्हणाली. बाई एक वाजता बसल्या. शेजारी पंचफुला नावाच्या एक आजी, हदगावहून आलेल्या, गालाला रुमाल बांधून. बराच वेळ त्या पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे आणि मग बाईंच्या तोंडाकडे बघत होत्या.

"तुझं काय दुखून राहिलंय माय?"

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. साधा प्रश्न होता. 'काहीच नाही' म्हणायला किती वेळ लागतो? पण त्या वाकून पिशवीची गाठ पुन्हा घट्ट करू लागल्या. आजींनी मग काही विचारलं नाही. जरा सरकून बाईंना भिंतीला टेकायला जागा करून दिली.

पावणेपाचला डॉक्टरांचा फोन आला. "मॅडम, सॉरी, विसरलोच! पाहुण्यांनी अडकवलं. असं करा ना, वही शिवांगीकडे ठेवून जा. मी सही करून पाठवतो."

परतीला तीच गाडी, तोच कंडक्टर. पिशवी बघून त्याने फक्त मान हलवली. "नांदेडात बी खपली न्हाई म्हणा की."

बुधवारी संध्याकाळी बाईंनी अर्ज लिहिला. विषय : लेन क्रमांक चार सोडण्याबाबत. 'साक्षीदार उपलब्ध न झाल्याने' असं त्यांनी कारण दिलं, तारीख घातली, सही केली, आणि क्लबात जाऊन महादेवप्पांच्या हातात दिला. महादेवप्पांनी तो दोनदा वाचला.

"एकशे बारा सभासदांत एक मिळंना?"

"सह्या मिळतात. माणूस नाही मिळत."

महादेवप्पा अर्जाची घडी घालत बसले. चौकोनी, मग आणखी छोटी चौकोनी. मग म्हणाले, "मी बी सभासदच हाय की."

"तुमचे गुडघे..."

"गुडघ्यानं कुठं चाळायचंय?"

शनिवार-रविवार असे चार दिवस ठरले, दुपारी तीनपासून. किशनराव महादेवप्पांसाठी खुर्ची मांडायचा. कालव्याचं पाणी आयुष्यभर दुसऱ्यांकडून सोडवून घेतलेल्या माणसाला चाळणी कशी धरायची ते ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी वाळू छर्र्यांच्या डब्यात आणि छर्रे वाळूत टाकले, आणि बाईंना पहिला तास पुन्हा करावा लागला. "जर्मनीत कसं करतात?" असं बाईंनी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "तिथं म्या नुस्तं बघत हुतो. नातवासंगट बाकावर बसून." बाकी बोलणं फारसं नव्हतंच. चाळणीचा आवाज, मधूनच महादेवप्पांचा सुस्कारा. दुसऱ्या दिवशी बाईंच्या लक्षात आलं, की तो सुस्कारा दर अकराव्या-बाराव्या हलवणीला येतो.

पाच वाजता चहा. पंचवीस मिनिटं. चहानंतर बाई वही काढून ती पंचवीस मिनिटं वजा करायच्या, आणि महादेवप्पा रोज भांडायचे. "चहा बी कामच हाय! समोरासमोर बसून पितोय न्हवं?"

"चहा श्रमदानात धरता येत नाही."

"लई कडक बाई हाव तुमी."

साडेचारच्या सुमाराला जर्मनीहून फोन यायचा. तिकडे दुपारचे बारा. महादेवप्पा फोन वाळूकडे फिरवून मोठमोठ्याने सांगायचे, "हे बघ, आपल्याकडं बी काम करतेत!" पडद्यावरचा नातू कुठल्याशा भाषेत काहीतरी म्हणायचा, सून त्याचं भाषांतर करायची, आणि दोन मिनिटांत तिकडे जेवणाची वेळ व्हायची. फोन खिशात गेला, की महादेवप्पा पुढची दहा मिनिटं चाळणी फार जोराने हलवत. बाई त्या वेळात त्यांच्याकडे बघत नसत. फक्त स्वतःची चाळणी थोडी हळू करत, म्हणजे त्यांचीच भरभर रिकामी होतेय असं वाटावं.

चौथ्या दिवशी, एकोणतीस मार्चला, संध्याकाळी साडेसहाच्या आत शेवटची पेटी झाली. एका बाजूला स्वच्छ वाळूचा ढीग, दुसऱ्या बाजूला छर्र्यांचे डबे. महादेवप्पांनी पिशवीतून क्लबचा शिक्का काढला, शाईची डबी उघडली आणि शिक्क्यावर तोंडाची वाफ दिली.

"द्या वही. बारा भरले. सुटलात तुमी."

ते बाईंकडे न बघता म्हणाले. शिक्का हातात तसाच धरून ते रिकाम्या पेटीकडे बघत होते.

बाईंनी वही उघडली. चारही दिवसांचे आकडे त्यांच्या बारीक, सरळ अक्षरांत होते. तीन, तीन, तीन, तीन. चहा वजा जाता. त्यांनी एकेका आकड्यावरून बोट फिरवलं.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "चूक झालीय माझी. चहाची वेळ वजा करायची राहिली."

महादेवप्पांनी वर बघितलं. चार दिवस, रोज, त्यांच्या डोळ्यांदेखत ती वजा झाली होती, आणि रोज ते त्यावरून भांडले होते.

"किती निघतेत?"

"एक तास चाळीस मिनिटं." बाईंचे कान तापले होते. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही आकडा खोटा सांगितला नव्हता. हा पहिलाच.

महादेवप्पांनी शाईच्या डबीचं झाकण सावकाश लावलं.

"मला वाटलंच हुतं," ते म्हणाले. "मंग धरता येत न्हाईत."

"मंगळवारी मी रजा टाकते. शेवटचाच दिवस आहे."

"दहाला या. डबा घेऊन या, मंजी घाई नगं."

किशनराव चाळण्या उचलत होता तो थांबला. "पर साहेब, वाळू तर समदी चाळून झाली की. मंगळवारी काय चाळणार?"

"मंग ते छर्रे वत परत वाळूत," महादेवप्पा त्याच्यावर खेकसले. "बघत काय राहिलास? नियम हाय."